धबधब्याला आधार

"हात त्या टबातच धू, दादा. पाणी सांडू नकोस."

एवढा बसचा प्रवास करून बहिणीच्या दारात पाऊल ठेवलं, तर स्वागत हे असं. माझी बहीण साठीला टेकली तरी घरात सगळे तिला छोटीच म्हणतात. तिच्या थंड डोंगराळ भागात उन्हाळा सरून पानगळ सुरू झाली की मी दरवर्षी नातीला घेऊन तिच्याकडे चार दिवस राहायला जातो. एरवी ती फाटकापर्यंत धावत येते, प्रवास कसा झाला विचारते, मी वाळलोय म्हणून मलाच रागावते. यंदा ती स्वयंपाकघराच्या दारात कमरेवर हात ठेवून उभी होती आणि तिच्या पायाशी बादल्या मांडल्या होत्या. एकीत भाजी धुतलेलं पाणी, दुसरीत भांडी विसळलेलं, तिसरीत कपड्यांचं.

"कपड्यांचं घालू नको म्हणतोय मी," मागच्या दारातून मेव्हण्यांचा आवाज आला. "साबण असतो त्यात."

"मग तुम्ही वाफ्यात बसून रडा. त्यात साबण नसतो."

"मीठ असतं," मेव्हणे शांतपणे म्हणाले आणि भाजीच्या पाण्याची बादली उचलून बाहेर गेले. आमचे मेव्हणे असेच. घराला आग लागली तरी आधी चष्मा पुसतील.

"छोटी आजी, ओढ्यात पाणी का नाही?" माझ्या नातीने बूट काढायच्याही आधी विचारलं. ही नऊ वर्षांची. एकदा प्रश्न धरला की उत्तर मिळेपर्यंत कानाशी गुणगुणत राहते, म्हणून तिच्या बापाने तिचं नाव भुंगा ठेवलंय.

छोटीने माझ्याकडे बघितलं. "बघ! पुलावरून येताना दिसलं ना गं तुला?"

"नुसते दगड आहेत. पांढरे."

"एवढ्याशा पोरीला चालत्या बसमधून दिसतं, आणि पाणी खात्याच्या साहेबाला दिसत नाही!"

मग मला सगळं कळलं. छोटी आणि मेव्हणे फळझाडांची रोपवाटिका चालवतात. घरामागून उतारावर वाफे, आणि वाफ्यांच्या टोकाशी ओढा. हा ओढा वरच्या धबधब्यातून येतो. ओढ्यातून एक छोटा पाट काढलेला आहे, त्याचं पाणी सगळ्या वाफ्यांना फिरतं. पानगळीत ओढा बारीक होतो, पण आजवर कधी आटला नव्हता. यंदा उन्हाळा सरता सरता तो एका आठवड्यात कोरडा पडला. विहिरीलाही ओढ्याचाच झरा, तिनेही तळ दाखवला. नळाला सकाळी थोडा वेळ पाणी येतं, ते पिण्यापुरतं.

एरवी छोटीने हेही सोसलं असतं. पण यंदा वाफ्यात नासपतीची कलमं होती.

घरामागे एक जुनं नासपतीचं झाड होतं, मेव्हण्यांच्या आजोबांनी लावलेलं. पातळ सालीची, आतून किंचित गुलाबी फळं. तसली नासपती मी दुसरीकडे कुठे खाल्लेली नाही, आणि छोटीने शोधूनही तिला दुसरं झाड सापडलेलं नाही. उन्हाळ्याच्या शेवटी वादळात ते झाड मुळासकट आडवं झालं. त्याच दिवशी छोटीने त्याच्या हिरव्या काड्या कापून ओल्या फडक्यात गुंडाळल्या आणि रानटी नासपतीच्या रोपांवर त्यांचे डोळे भरले. डोळा भरणं म्हणजे रोपाच्या सालीला चीर द्यायची, चांगल्या झाडाचा एक डोळा, म्हणजे उद्याचा कोंब, थोड्या सालीसकट त्या चिरेत बसवायचा आणि वरून पट्टी बांधायची. पुढचे काही आठवडे मुळांशी ओल लागते. रस चढत राहिला तर डोळा रोपाला जुळतो. मुळं तहानली तर साल आक्रसते आणि डोळा जागच्या जागी वाळतो.

"झाडाचं तर सरपण झालं," छोटी म्हणाली. "आता जे काही आहे ते या वाफ्यात. हे गेलं की ते फळ जगातूनच गेलं, दादा. आणि मी त्याला भांड्यांचं पाणी पाजतेय!"

"कचेरीत गेली होतीस?"

"गेले नसेन? साहेब म्हणाला, बाई, पाण्याची टंचाई कशी असेल, धबधबा तर जोरात वाहतोय. धबधबा वाहतोय म्हणजे ओढा वाहतोय. मी म्हटलं, अहो, माझ्या घराशी येऊन बघा. तर त्याने फोन काढला आणि मला फोटो दाखवला! बायको, दोन पोरं आणि मागे धबधबा. म्हणाला, मी स्वतः पाहणी केलीय. ही पाहणी! सहल काढली आणि तिला पाहणी म्हणतो! वर म्हणतो, तुमचा पाट तुंबला असेल, साफ करून घ्या."

"साफ केला," मेव्हणे दारातून म्हणाले. "पाट छान झालाय. आता त्यात गाद्या वाळत घालता येतील."

"तुम्ही हसा."

"हसत नाहीये गं. पण भांडून काय पाऊस पडणार आहे? जाऊ दे."

"जाऊ दे, जाऊ दे! सगळं जाऊ देता देता ओढाही गेला!"

भुंगा इतका वेळ बादल्यांकडे बघत होती. "पण साहेब खोटं बोलला का, आजी? धबधबा खरंच वाहतोय?"

धबधब्याशेजारी हॉटेल झाल्यापासून छोटी तिकडे फिरकलीच नव्हती. ओढ्याकाठची पायवाट हॉटेलने तारेचं कुंपण घालून बंद केली होती. आता लांबच्या डांबरी रस्त्याने वळसा घालून जायचं आणि फाटकावर तिकीट काढायचं. "ज्या पाण्यात मी लग्न झाल्यापासून गोधड्या धुतल्या ते बघायला मी तिकीट काढू?" असं म्हणून तिने शपथच घेतली होती.

"मग आपल्याला कसं कळणार?" भुंगा म्हणाली. "आजी, कसं कळणार? चल ना. बघायला तर पाहिजे ना? आजी?"

दुसऱ्या दिवशी रविवार होता. नाश्ता होईपर्यंत भुंग्याने छोटीच्या शपथेला पुरतं पोखरून टाकलं. त्यातून साहेब त्या दिवशी सासुरवाडीच्या माणसांना घेऊन तिथेच येणार होता, हे छोटीने कचेरीत त्याच्याच तोंडून ऐकलं होतं. शेवटी तिने केसांवरून कंगवा फिरवला आणि बूट घातले. मेव्हणे घरीच थांबले. म्हणाले, "कुणीतरी रोपांशी गोड बोलायला हवं."

फाटकावरच्या तरुणाने आमच्या मनगटांना कागदी पट्ट्या चिकटवल्या. "ज्येष्ठ नागरिक?" त्याने छोटीला विचारलं.

"नाही, तिसरीत आहे," छोटी म्हणाली.

आत गेलो, आणि खरं सांगायचं तर मी क्षणभर सगळं विसरलो. उंच काळ्या कड्यावरून पाण्याचा पांढरा पडदा खाली कोसळत होता. दोन्ही बाजूंच्या उतारांवर झाडं पिवळी, तांबडी, तपकिरी झालेली. वारा आला की पानांचा झोत सुटायचा, गिरक्या घेत खाली यायचा आणि लोकांच्या डोक्यांवर, खांद्यांवर, चहाच्या कपांत पडायचा. खाली दगडांनी बांधलेलं गोल डबकं, त्याच्या काठाला बाकं. फोटो काढायला लाकडी चौकट उभी केलेली, तिच्यापुढे रांग. पाण्याच्या आवाजात माणसं एकमेकांशी ओरडून बोलत होती आणि सगळ्यांचे चेहरे खूश होते.

छोटीचा चेहरा मात्र उतरला. एवढं पाणी डोळ्यांसमोर पडत होतं. साहेब खरं बोलला होता. "म्हणजे माझीच काहीतरी चूक," ती पुटपुटली. आयुष्यात माझ्या बहिणीने हे वाक्य फार कमी वेळा उच्चारलंय, आणि ते ऐकून मला तिच्या रागापेक्षा जास्त भीती वाटली.

भुंगा कठड्याला पोट लावून वर बघत होती. मी जवळ गेलो.

"काय बघतेस?"

"पानं."

"छान रंग आहेत ना?"

"तसं नाही, आजोबा. सगळीकडे पानं पडतायत. डबक्यात पडलीत, बाकांवर पडलीत. पण धबधब्यातून एकपण पान खाली येत नाहीये. मी मघापासून बघतेय. वर जंगल आहे ना? मग वरच्या पाण्यात पानं पडत नाहीत का?"

मी चष्मा वर सरकवला आणि बघू लागलो. पांढरं स्वच्छ पाणी. एक काडी नाही, एक पान नाही. आयुष्यभर मुलांना शिकवलं. मुलाला प्रश्न सुचला की त्याच्या हातात उत्तर कोंबायचं नाही, ही माझी सवय. या वेळी कोंबायला उत्तरही नव्हतं.

"तुला काय वाटतं?"

"कुणीतरी वर बसून पानं वेचतंय," ती म्हणाली, आणि स्वतःच हसली. मग थांबली. "किंवा गाळून सोडतंय. चहासारखं."

"बरं. आणि हे पडलेलं पाणी पुढे कुठे जातं?"

एवढंच विचारायची खोटी, भुंगा निघालीसुद्धा. आम्ही दोघं तिच्या मागे. डबक्याच्या खालच्या अंगाला, बाकं संपतात तिथे शोभेची झुडपं लावली होती. ती बाजूला करून बघितलं तर काँक्रीटची भिंत, मधे खाच, आणि खाचेत एकावर एक बसवलेल्या जाड फळ्या. फळ्यांच्या या बाजूला काठोकाठ पाणी. त्या बाजूला ओढ्याचं पात्र, खडखडीत, पांढऱ्या दगडांचं, खाली छोटीच्या घरापर्यंत.

छोटी फळ्यांकडे बघत राहिली. एवढं पाणी वरून पडत होतं आणि पुढे एक थेंब जात नव्हता, तरी डबकं भरून वाहत नव्हतं.

"आजी, ऐक," भुंगा म्हणाली. धबधब्याच्या आवाजाखाली आणखी एक आवाज होता, एकसुरी घरघर. भिंतीच्या टोकाला हिरव्या रंगाची एक खोली होती आणि तिच्यावर प्लास्टिकच्या वेली सोडल्या होत्या. डबक्यातून एक जाड नळ तिच्यात शिरत होता. दुसरा तिच्यातून निघून झाडीतून कड्यावर चढला होता.

"फिरवतायत," छोटी म्हणाली. आवाज इतका शांत की मी तिचा हात धरला. "तेच पाणी वर नेतायत आणि तेच खाली टाकतायत."

"काही मदत हवी का, काकू?" मागून कुणीतरी म्हणालं. हॉटेलचा मॅनेजर. तरुण, इस्त्रीच्या कोटातला, चेहरा अगदी हसरा. वाईट माणूस दिसत नव्हता आणि त्याचाच मला पुढे जास्त संताप आला.

"हे काय आहे?" छोटीने खोलीकडे बोट केलं.

"ते होय?" तो जराही गडबडला नाही. "असं आहे काकू, पानगळीत वरून येणारं पाणी अगदीच बारीक होतं. पाहुणे लांबून येतात आणि समोर काय, तर एक दोरा. लोकांची निराशा होते. म्हणून आम्ही धबधब्याला थोडा आधार देतो."

"आधार?"

"हो. सगळ्यांना आनंद मिळतो ना? आणि पाणी तेच तेच वापरतो, नवीन घेत नाही. पर्यावरणाचाही विचार केलाय आम्ही."

"आणि तो दोरा?" भुंग्याने विचारलं.

"कुठला दोरा, बाळा?"

"वरून खरं पाणी येतं ना बारीक, दोऱ्यासारखं. तेसुद्धा इथेच पडलं असतं तर डबकं भरून सांडलं असतं. ते कुठे आहे?"

मॅनेजर कौतुकाने हसला. "हुशार आहे हं मुलगी! ते आम्ही वरच्या वर टाकीत घेतो. हिरवळीला आणि पोहण्याच्या तलावाला लागतं. नाहीतरी ते वायाच जात होतं."

"वाया!"

छोटीचा हा आवाज मी लहानपणापासून ओळखतो. आमच्या घरी या आवाजानंतर मोठी माणसंही खोली सोडून जायची.

"वाया म्हणजे कुणाकडे जात होतं, ठाऊक आहे तुला? खाली कोण राहतं, कधी वाकून बघितलंस? या फळ्यांच्या पलीकडे जग संपतं का तुझं? माझी रोपं तिथे तहानेने मरतायत आणि तू गवताला पाणी पाजतोस! ज्या गवताला ना फूल ना फळ!"

"काकू, खाली वस्ती आहे हे मला खरंच माहीत नव्हतं," तो म्हणाला. आणि लगेच, तितक्याच सहज, "पण आमच्याकडे सगळ्या परवानग्या आहेत. पाणी खात्याचे साहेब स्वतः नेहमी येत असतात."

साहेब खरंच आला होता. लाकडी चौकटीपुढे बायको, मुलं आणि सासरे यांना उभं करून फोन डोळ्यांपुढे धरून मागे मागे सरकत होता. आम्ही जवळ गेलो तेव्हा छोटीला बघून तो मोकळेपणाने हसला.

"आलात का बाई! बघा, म्हटलं नव्हतं मी? किती पाणी आहे!"

"बघितलं," छोटी म्हणाली. "फार सुंदर आहे. तुम्ही तो फोन तसाच धरून ठेवा, साहेब. हलवू नका."

आणि ती वळून तरातरा चालत गेली. मॅनेजरला काय होतंय हे कळेपर्यंत तिने हिरव्या खोलीचं दार उघडलं होतं. त्याला कुलूप नव्हतं. कशाला असेल? प्लास्टिकच्या वेलींमागे कुणी बघेल असं त्यांना वाटलंच नव्हतं.

घरघर थांबली.

धबधबा लगेच बंद पडला नाही. आधी पडदा विरळ झाला, मग त्याच्या चिंध्या झाल्या, मग धारा, मग थेंब. मग नुसता काळा ओला कडा राहिला आणि त्याच्या माथ्यावर, इतका वेळ पाण्याआड लपलेलं, निळ्या प्लास्टिकच्या नळाचं रुंद तोंड. ओरडून बोलणाऱ्या माणसांना आपलाच आवाज एकदम मोठा ऐकू आला आणि सगळे गप्प झाले. एक बाई तेवढी "अगं, हिरवा स्वेटर घालायला हवा होता" असं मोठ्याने म्हणून ओशाळली.

मला वाटलं, आता लोक चिडतील. चिडलेच. पण कुणावर?

"कोण ही बाई?"

"चालू करा ते! आमची रांग होती!"

"एवढ्या लांबून आलो, पोरांचा विरस झाला!"

"कुणाला काही आनंद मिळालेला बघवत नाही काही लोकांना," एक सद्गृहस्थ बायकोला म्हणाले. छोटीला ऐकू जाईल अशा बेताने म्हणाले.

आपल्याला फसवलं गेलंय हे डोळ्यांसमोर टांगलेलं होतं, निळ्या रंगात, आणि ही माणसं फसवणाऱ्याला नव्हे, तर पडदा ओढणाऱ्या बाईला बोल लावत होती. मला माझ्या पांढऱ्या केसांची लाज बाजूला ठेवून ओरडावंसं वाटलं. शेजारच्या एका बापाने मला विचारलं, "आता मी माझ्या मुलांना काय सांगू?"

"मुलांना काय सांगायचं नाही, तेच मला कळत नाहीये," मी म्हणालो. "खरं तेच सांगा. त्यांना चालतं. अडतं ते आपलं."

त्याची मुलं मात्र नळाचं तोंड बघायला कठड्याकडे धावली होती, आणि मघाचपेक्षा जास्त खूश दिसत होती.

साहेब फोन हातात धरून तसाच उभा होता. त्याचे सासरे, काठी घेतलेले म्हातारे गृहस्थ, कड्याकडे बघत होते. त्यांनी सगळं समजून घ्यायला जरा वेळ घेतला.

"जावईबापू," ते म्हणाले, "तुम्ही पाण्याच्याच खात्यात ना?"

त्यात टोमणा नव्हता. म्हाताऱ्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पण साहेबाच्या बायकोने खाली बघितलं आणि साहेबाचे कान लाल झाले.

"मी... सोमवारी माणूस पाठवून चौकशी करतो," तो म्हणाला.

"चौकशी?" छोटी खोलीच्या दारात उभी होती. हाताला काळं लागलं होतं, केस सुटले होते. "तुम्ही तर पाहणी केली होती ना? माझ्या ओढ्याची पाहणी या नळाच्या तोंडाशी केलीत! फोटो काढलात! मी कचेरीत उभी राहून सांगत होते, तर मला पाट साफ करायला सांगितलंत. माझी कलमं सोमवारपर्यंत थांबणार नाहीत, साहेब. काल थांबली नाहीत, आज थांबणार नाहीत. ज्या झाडाची आहेत ते झाड आता नाही. मेली की संपलं. टाकीचं पाणी ओढ्यात सोडायला सांगा. आत्ता. इथे. तुमच्या मुलांसमोर."

"काकू, लेखी आदेशाशिवाय मी—" मॅनेजर सुरू झाला.

"तुम्ही गप्प बसा हो," साहेब त्याच्यावर खेकसला. इतका वेळ खेकसायला त्याला कुणीतरी हवंच होतं. "वरचा व्हॉल्व्ह बंद करा. टाकीत पाणी घ्यायचं नाही. मी सांगतोय."

त्याला पश्चात्ताप झाला असं मी म्हणणार नाही. त्याला सासऱ्यांसमोर उभं राहायचं होतं, एवढंच. पण वर माणूस गेला आणि थोड्या वेळाने कड्यावरून खरं पाणी आलं. बारीक, वाकडंतिकडं, दगडादगडाशी थांबत. बाकांवरचे बहुतेक लोक तोवर उठून गेले होते.

छोटीने त्या पाण्याची वाट बघितली नाही. ती भिंतीवर बसून वरची फळी उपसत होती. फळी फुगून बसली होती. मी एका टोकाला धरलं, भुंग्याने मधे धरलं, आणि मघाचा तो मुलांचा बाप मुकाट्याने येऊन दुसऱ्या टोकाला लागला. फळी निघाली आणि डबक्याचं पाणी आमच्या बुटांवरून ओढ्यात उतरलं.

आम्ही पाण्याबरोबर घरी गेलो. कुंपणाखालून पाणी गेलं, तिथून आम्हीही वाकून गेलो, हॉटेलच्या देखत. वाळलेल्या ओढ्यातून पाणी चालतं ते माणसापेक्षाही हळू. दगडांखाली शिरतं, दिसेनासं होतं, वाटतं की जिरलं, आणि मग पुढच्या खळग्यात चमकतं. प्रत्येक खळगा आधी स्वतः पितो आणि मगच पुढच्याला देतो. छोटी वाटभर बोलत होती. मॅनेजरला, साहेबाला, हिरवळीला, त्या सद्गृहस्थाला, एकालाही सोडलं नाही. मधेच खाली वाकून पाण्याच्या वाटेतला पाचोळा हाताने बाजूला करायची आणि पुन्हा सुरू.

उन्हं कलताना पाणी पाटाच्या तोंडाशी आलं. मेव्हणे वाफ्यात होते. त्यांनी पाटात शिरणाऱ्या पाण्याकडे बघितलं, आमच्या ओल्या बुटांकडे बघितलं, आणि चष्मा पुसला.

"बऱ्याच जणांशी बोलून आलीस वाटतं," ते म्हणाले.

सोमवारी साहेबाचा माणूस आला नाही. मंगळवारी पाट पुन्हा बारीक झाला. हॉटेलने फळी परत बसवली होती, वरचा व्हॉल्व्ह तेवढा साहेबाच्या धाकाने बंदच होता. शिवाय हॉटेलकडून निरोप आला की, यंत्राला हात लावल्याबद्दल छोटीवर तक्रार करण्यात येईल. तिचा संताप बघून मी तिला पाणी पाजायला गेलो, तर म्हणाली, "ते वाफ्यात घाल!"

तेव्हा मेव्हणे उठले. त्यांनी घडीची खुर्ची काखेत मारली, वर्तमानपत्र घेतलं आणि टोपी घातली.

"कुठे निघालात?" छोटीने विचारलं.

"फळी काढतो आणि तिथेच बसतो. भांडायला मला जमत नाही. बसायला छान जमतं." दारात थांबून म्हणाले, "तू रोपांजवळ थांब. तुझं काम इथे आहे."

ते रोज जाऊन बसले. मॅनेजर रोज येऊन समजावत असे आणि मेव्हणे रोज त्याला वर्तमानपत्राचं वाचून झालेलं पान देत असत. ओढा वाहत राहिला.

आमचे चार दिवस केव्हाच संपले होते, पण भुंगा कलमांचं काय झालं हे कळल्याशिवाय हलायला तयार नव्हती. एका सकाळी छोटी तिला घेऊन वाफ्यात गेली. डोळा भरताना त्याच्याखाली पानाचा देठ थोडा ठेवलेला असतो. डोळा जुळला असेल तर तो देठ बोट लावताच गळून पडतो. मेला असेल तर देठ सुकून चिकटून बसतो, सुटत नाही. छोटी उकिडवी बसली आणि एकेका रोपाला बोट लावू लागली. पहिला चिकटलेला. दुसरा चिकटलेला. तिसराही. भुंग्याने माझा हात घट्ट धरला. पुढच्या रोपाचा देठ बोट लागण्याआधीच, जणू वाटच बघत असल्यासारखा, मातीत पडला. त्याच्या पुढे दोन मेलेले, मग एक जिवंत. अख्खा वाफा बघून झाला तेव्हा जुळलेली कलमं मेलेल्यांपेक्षा पुष्कळ कमी होती. पण होती.

"वाचलं ना गं ते फळ," मी म्हणालो. "बरं झालं."

"बरं काय झालं?" छोटी ताडकन उठली. गुडघ्यांची माती झटकली नाही. "ही जगली ती माझ्या भांड्यांच्या पाण्यावर जगली. आणि ती मेली ती कुणाच्या हिरवळीपायी मेली? त्याचा जाब कोण देणार? तो साहेब फोन उचलत नाही, तक्रार माझ्यावर करतायत, आणि तू म्हणतोस बरं झालं!" तिने मेलेलं एक रोप मुळासकट उपटलं, मातीसह वर्तमानपत्रात गुंडाळलं आणि भुंग्याच्या हातात दिलं. "धर. नीट धर. आपण हे साहेबाच्या टेबलावर नेऊन ठेवणार आहोत. दादा, बूट घाल. कचेरी उघडली असेल."